बिडाला आलेला बाक

१९७७ साली फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात साब या स्वीडिश कंपनीने ‘९९ टर्बो’ ही गाडी मांडली. टर्बोचार्जर तोपर्यंत काही नवा राहिलेला नव्हता. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने त्याच्या मूळ कल्पनेचे पेटंट १९०५ मध्येच घेतले होते. त्यानंतर विमानांत, जहाजांत आणि मालमोटारींत हे यंत्र रुळले. मोटारींतही प्रयोग झाले होते: अमेरिकेत १९६२ साली ओल्डस्मोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर, जर्मनीत १९७३ साली बीएमडब्ल्यूची २००२ टर्बो. साबच्या पेर यिल्ब्रांड या अभियंत्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वेगळे केले ते एवढेच की, शर्यतीच्या वेगासाठी नव्हे, तर रोज कामावर जाण्याच्या, मुलाबाळांना घेऊन बर्फातून फिरण्याच्या गाडीसाठी त्यांनी टर्बो जुळवला. आकाराने लहान म्हणून लवकर जागा होणारा, आणि दाब हद्दीबाहेर गेला की वेस्टगेट नावाच्या झडपेतून जादा वायू परस्पर सोडून देणारा. १९८५ घनसेंटिमीटरच्या त्या इंजिनाने १४५ अश्वशक्ती दिली. १९७९ साली स्टिग ब्लोमक्विस्टने याच गाडीवर स्वीडिश रॅली जिंकली. जागतिक रॅली स्पर्धेतला टर्बो गाडीचा तो पहिला विजय. पुढे याच इंजिनाच्या आधारावर ‘साब ९००’ आली आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत नऊ लाखांहून अधिक बनली. २०११च्या डिसेंबरात कंपनी दिवाळखोरीत निघाली. गाड्या मात्र चालू आहेत.

या सगळ्या इतिहासात एका भागाचे नाव कुठे येत नाही. टर्बो ज्याच्या खांद्यावर बसतो तो हा भाग, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. जुन्या टर्बो साबच्या मालकाला मात्र हे नाव चांगले ठाऊक असते, कारण तो वाकतो.

मॅनिफोल्ड म्हणजे बिडाचा एक ओतीव हात समजा. त्याची चार बोटे इंजिनाच्या हेडला चार ठिकाणी टेकलेली. चारही सिलिंडरांतला जळका वायू त्या बोटांतून येतो, मनगटाशी एकत्र होतो आणि टर्बोच्या तोंडात शिरतो. साध्या गाडीत त्याचे काम एवढ्यावर संपते, वायू पुढे सायलेन्सरकडे जातो. टर्बोच्या गाडीत त्याच्यावर आणखी तीन भार पडतात. टर्बोचे वजन त्याच्यावर लटकते. टर्बोच्या चक्राने वाट अडवलेली असल्यामुळे आतला दाब वाढतो. आणि पेट्रोल इंजिनाचा जळका वायू पूर्ण भारावर ९०० अंश सेल्सियसच्या आसपास जातो, तो दाबाखाली तिथे रेंगाळतो. चढावर जोरात चालवून आणलेल्या गाडीचे बॉनेट रात्रीच्या अंधारात उघडले तर मॅनिफोल्ड लालसर दिसू शकतो. दोन बोटांच्या अंतरावर असलेले ॲल्युमिनियमचे हेड मात्र आतल्या पाण्यामुळे शंभर अंशांच्या आगेमागेच असते. सगळे दुखणे या दोन बोटांच्या अंतरात आहे.

दुखण्याची पहिली खूण कानाला कळते. सकाळी थंड गाडी सुरू केली की इंजिनाच्या एका बाजूने टक्‌टक्‌ असा कोरडा आवाज येतो. वेग वाढवला की तोही वाढतो. टॅपेट सैल झाले असावेत असे वाटते. पाच-दहा मिनिटांनी इंजिन तापते आणि आवाज नाहीसा होतो, म्हणून मालक निर्धास्त होतो. पण टॅपेट सहसा इतके शहाण्यासारखे वागत नाहीत. तापल्यावर बंद होणारा आवाज बहुतेक वेळा मॅनिफोल्डच्या गळतीचा असतो. तसे पाहिले तर गळती क्षुल्लक. पण टर्बोला फिरवणारा जोर तिथूनच वाया जातो; ऑक्सिजन सेन्सर असलेल्या गाड्यांत फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि इंजिनाचे इंधनाचे गणित चुकते; आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसल्यामुळे तो बॉनेटखालून हवेच्या झडपेवाटे आत आला तर कळतही नाही. लांबच्या प्रवासात मागच्या सीटवरचे मूल गुंगीत गेले तर ते झोपले आहे असेच आपण समजणार. म्हणून हा आवाज ‘जुन्या गाडीचा स्वभाव’ म्हणून सोडून देऊ नये.

आता मूळ प्रश्न. मॅनिफोल्ड वाकतो कशाने? ‘उष्णतेने’ हे उत्तर सगळे देतात आणि ते अर्धेच खरे आहे. निव्वळ उष्णतेने काही वाकत नाही. बिडाचा तुकडा भट्टीत सगळीकडून सारखा तापवला आणि सावकाश निवू दिला, तर तो फुगेल आणि जवळजवळ पहिल्यासारखा होईल. पत्र्याच्या तव्याला काही वर्षांनी पोट येते आणि तो ओट्यावर डुगडुगू लागतो, तेही निव्वळ तापल्यामुळे नव्हे. मधला भाग तापून पसरू पाहतो आणि थंड काठ त्याला पसरू देत नाही, म्हणून. म्हणजे बाक येतो तो उष्णतेमुळे आलेल्या पसरण्याला अडवल्यामुळे. दुरुस्ती करताना काय करावे आणि काय टाळावे हे याच एका फरकावर ठरते, म्हणून इथे जरा थांबू.

बैलगाडीच्या चाकाला धाव बसवताना ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे लगेच समजेल. लोहार लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करतो, गोवऱ्यांच्या जाळात ती तापवतो. ती पसरते, चाकावर चढते, वरून पाणी पडले की आवळते आणि आरे-पाटे एकमेकांत घट्ट बसवते. तिथे धावेला पसरताना कुणी अडवत नाही, अडवतात ते आकसताना, आणि त्या अडवण्याचाच उपयोग करून घेतात. मॅनिफोल्डच्या बाबतीत उलटे घडते. त्याला गार असताना नटांनी हेडवर आवळलेले असते आणि मग त्याच अवस्थेत तापवले जाते.

हिशेब करून पाहू. मॅनिफोल्डच्या दोन टोकांच्या स्टडमधले अंतर ३५० मिलिमीटर धरू. बीड एका अंशाला आपल्या लांबीच्या साधारण दशलक्षांश १२ भाग पसरते, ॲल्युमिनियम २३ भाग. हेड २० अंशांवरून १०० अंशांवर गेले तर या अंतरात ते सुमारे ०.६५ मिमी वाढेल. हेडला टेकलेली मॅनिफोल्डची कॉलर ४०० अंशांवर गेली तर ती १.६ मिमी वाढू पाहील. मागचा, टर्बोकडचा भाग ७०० अंशांवर गेला तर त्याला जवळजवळ २.९ मिमी वाढायचे असते. म्हणजे एकाच ओतीव तुकड्याची पाठ एक म्हणते, पोट दुसरे म्हणते आणि ज्याला तो बांधलेला आहे ते हेड तिसरेच म्हणते. स्टडच्या छिद्रांत जेवढी मोकळीक असेल तेवढी कॉलर सरकते. ती संपली, किंवा नट इतके आवळलेले असले की सरकणेच अशक्य झाले, तर उरलेली वाढ बिडाला आतल्या आत गिळावी लागते.

आणि तापलेले बीड ती गिळते, हीच खरी अडचण आहे. ७०० अंशांवर त्याची ताकद बरीच उतरलेली असते. दाबले की ते कायमचे दबते. त्या क्षणी बाहेरून काहीच दिसत नाही. इंजिन बंद होते, मॅनिफोल्ड निवू लागतो, आणि दबलेला भाग मूळ लांबीपेक्षा आखूड होऊन आकसतो. सर्वांत जास्त तापलेली पाठ सर्वांत जास्त दबलेली असते, म्हणून निवताना तीच सर्वांत जास्त आखडते. धनुष्याची दोरी ओढावी तशी ती दोन्ही टोकांना हेडपासून मागे खेचते. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरांपाशी फट पडते ती यामुळे, आणि टोकांचेच स्टड आधी तुटतात तेही यामुळे. गाडी पुन्हा तापली की पाठ पसरते, टोके परत हेडला टेकतात, टक्‌टक्‌ थांबते. दररोज थोडे दबायचे, थोडे आखडायचे. स्टड बहुधा चालत्या गाडीत तुटत नाही. गाडी लावून मालक घरात गेल्यावर, गॅरेजच्या शांततेत तो तुटतो.

बिडाच्या पोटातही काही घडत असते. राखाडी बिडात ग्राफाइटच्या पातळ पाकळ्या असतात. त्यांच्यामुळे ते साच्यात छान ओतले जाते, कंपने शोषते, यंत्रावर सहज कापले जाते. पण वर्षानुवर्षे लाल तापत राहिले की त्याच्या रचनेतला कार्बाइडच्या रूपातला कार्बन सुटून ग्राफाइट होतो आणि आकारमान थोडे वाढते. शिवाय पाकळ्यांच्या कडेकडेने प्राणवायू आत शिरून गंज धरतो. म्हणून जुन्या मॅनिफोल्डवर केसासारख्या चिरा दिसतात. पुढच्या काळात कारखान्यांनी ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असलेले, सिलिकॉन-मॉलिब्डेनम मिसळलेले बीड वापरले, निकेल घातलेले वापरले आणि शेवटी ओतीव पोलादावर गेले.

दुरुस्तीचा सर्वांत अवघड भाग मॅनिफोल्ड सपाट करणे हा नाही, तो हेडपासून सोडवणे हा आहे. स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला, डोके नसलेला बोल्ट. पोलादी स्टड ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये तीस-चाळीस वर्षे गंजून बसलेला असतो. घाई करणारा माणूस पान्याला नळी लावून जोर करतो आणि पाच मिनिटांत तीन स्टड मोडून ठेवतो. त्यापेक्षा आठवडाभर रोज संध्याकाळी नटांच्या मुळाशी पाझरणारे तेल सोडावे, मधूनमधून इंजिन तापवून निवू द्यावे. सोडवताना नट थोडा उलटा, थोडा सुलटा असा फिरवत यावा. तरीही टोकाचा एखादा आधीच मोडलेला सापडतोच. मोडक्याचा तुकडा हेडबाहेर डोकावत असेल तर त्यावर नवा नट ठेवून आतून वेल्डिंग भरतात. उष्णता स्टडला मिळते, गंजाची पकड सुटते आणि नटासकट तुकडा फिरून येतो. हेडच्या आत मोडला असेल तर बरोबर मधोमध भोक पाडण्याशिवाय गत्यंतर नाही. पोलाद कठीण, भोवतीचे ॲल्युमिनियम मऊ, त्यामुळे ड्रिल नेहमी मऊ बाजूला पळते. अशा वेळी तुकडा उपसून काढायचे हत्यार आतच मोडणे यापरते संकट नाही, कारण ते ड्रिलनेही कापले जात नाही. आटे गेलेच तर भोक मोठे करून हेलिकॉइल नावाची पोलादी तारेची वेटोळी किंवा आट्यांची पोलादी बाही बसवता येते. माझ्या मते निर्यातीच्या मॅनिफोल्डला बाहीच बरी.

सुटलेला मॅनिफोल्ड घासून, जुने पॅकिंग खरवडून त्याच्या तोंडांवर सरळ पोलादी पट्टी उभी धरायची आणि फिलर गेजच्या पात्यांनी फट मोजायची. दशांश-दीड दशांश मिलिमीटरपर्यंत असेल तर चांगले पॅकिंग ते सांभाळून घेते. त्यापुढे गेली तर मशीनवर फेसिंग करावे लागते. वाकलेल्या साब मॅनिफोल्डवर पट्टी मधोमध टेकते आणि दोन्ही टोकांना उजेड दिसतो. तीच पट्टी हेडवरही लावावी. गळणाऱ्या वायूने ॲल्युमिनियमला चर पाडला असेल तर एकट्या मॅनिफोल्डचे फेसिंग करून उपयोग नाही.

चिरांची तपासणी फेसिंगच्या आधी करायची. लाल रंगाचे पातळ द्रव लावून, पुसून, वर पांढरी भुकटी फवारली की चिरेत लपलेला रंग बाहेर पाझरतो. बिडाचे वेल्डिंग होते, पण घाईने होत नाही: आधी सगळा तुकडा तापवायचा, निकेलची काडी वापरायची, इंचाइंचाने भरायचे आणि मग राखेत किंवा चुन्यात पुरून रात्रभर निवू द्यायचे. गरम बिडाच्या तव्यावर गार पाणी ओतले तर काय होते हे घरात माहीत असते. इथेही तोच न्याय. वेल्डिंगने पुन्हा बाक येतो, म्हणून ते आधी आणि फेसिंग नंतर.

फेसिंगला दिलेला मॅनिफोल्ड पुन्हा महिन्याभरात गळू लागला अशी तक्रार पुष्कळ ऐकू येते. दोष बहुधा पकडण्यात असतो. पीळ आलेली फळी सुताराने बाकावर दाबून सपाट केली आणि वरून रंधा मारला, तर शिकंजा सोडताच फळी पुन्हा पहिल्यासारखी होते. मिलिंग मशीनच्या टेबलावर वाकडा मॅनिफोल्ड बोल्टने आवळून सपाट केला तर हेच घडते. त्याला आहे त्या वाकड्या स्थितीतच, खालच्या पोकळीत पत्र्याचे मोजके तुकडे सारून, हलणार नाही एवढाच धरायला हवा. चारही तोंडे एकाच बैठकीत, एकाच पातळीत कापली गेली पाहिजेत. एकेक तोंड पट्ट्यावर घासून ‘गुळगुळीत’ करून देणाऱ्याकडे तो देऊच नये. त्याआधी साडेपाचशे-सहाशे अंशांवर तासभर ठेवून भट्टीतच सावकाश निवू दिला तर आणखी चांगले. आत दडलेले ताण त्याने सैलावतात, नाहीतर वरचा थर कापला गेला की ते हलतात. यंत्रे बनवणारे कारखाने पूर्वी ओतीव सांगाडे महिनोन्‌महिने उघड्यावर पडू देत, ते उगाच नव्हे. कापायचे मात्र कमीत कमी. दरवेळी अर्धा-पाऊण मिलिमीटर गेला की कॉलर तेवढी पातळ होते, आणि पातळ कॉलर पुढच्या वेळी लवकर वाकते. एक मॅनिफोल्ड असा फार तर दोनदा वाचवता येतो.

सपाट झालेला मॅनिफोल्ड हेडवर चढवायला जावे तर टोकांची छिद्रे स्टडवर बसत नाहीत, कारण तो आखूड झालेला असतो. हातोडीने ठोकून बसवणारे असतात. तिथेच पुढच्या मोडतोडीची पेरणी होते: छिद्राची कड आधीच स्टडला टेकलेली, म्हणजे सरकायला जागाच नाही. मधली छिद्रे गोल ठेवावीत आणि टोकांची लांबीच्या दिशेने वाढवावीत. ८ मिमीच्या स्टडला टोकाकडे दहा-साडेदहापर्यंत. वर जाड, कठीण वॉशर. जागा असेल तर टोकांना लांब स्टड घेऊन नटाखाली पोलादी बाही घालावी. आखूड स्टड ताणला की लगेच सैल पडतो किंवा मोडतो, लांब स्टड स्प्रिंगसारखा थोडा देतो-घेतो आणि पकड टिकवतो. नवे स्टड, नवे पॅकिंग, आट्यांना न जळणारे वंगण. आवळायचे मधून टोकांकडे, टॉर्क पान्याने, पुस्तकात दिलेल्या आकड्यापर्यंत. ८ मिमीच्या स्टडला तो साधारण २०-२५ न्यूटन-मीटर असतो, म्हणजे हाताला अपुरा वाटावा इतका. गळती दिसली की ‘अजून अर्धा फेरा’ मारण्याचा मोह होतो. त्या अर्ध्या फेऱ्याने कॉलरचे सरकणे बंद होते आणि बाकाची पुढची फेरी सुरू होते.

मोठ्या डिझेल इंजिनांच्या जगात हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला गेला. तिथे मॅनिफोल्ड एकसंध ओततच नाहीत. कमिन्सची जी सहा सिलिंडरी इंजिने पुण्यात १९६०च्या दशकापासून बनत आली, त्यांतल्या मोठ्या इंजिनांवर मॅनिफोल्डचे तुकडे एकमेकांत सरकत्या सांध्यांनी बसवलेले दिसतात. प्रत्येक तुकडा आपापल्या जागी पसरतो. मोटारीत जागा आणि पैसा दोन्ही कमी, म्हणून एकच ओतीव तुकडा. काही हौशी लोक त्याच्या कॉलरला दोन बोटांच्या मध्ये करवतीने छेद देतात, की प्रत्येक तोंड सुटे होऊन आपले आपण हलावे. कॉलर पुरेशी जाड असेल तर ही युक्ती चालते. स्टेनलेसच्या नळ्या जोडून केलेले चकचकीत मॅनिफोल्डही मिळतात. पण स्टेनलेस बिडाहून जवळजवळ दीडपट पसरते, आणि टर्बोचे वजन पातळ नळीवर टांगले की तडा सांध्याला जातो. दिसायला देखणे, एवढेच मी त्यांच्या बाजूने म्हणेन.

मग जुना राखावा की नवा घ्यावा? अनेक अनुभवी मेकॅनिक जुन्याच्या बाजूचे असतात. ‘जो वाकायचा तो वाकून झाला’, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य आहे. बिडातला कार्बन सुटण्याची प्रक्रिया एका टप्प्यानंतर मंदावते आणि दबण्या-आखडण्याचे चक्र बऱ्याचदा स्थिरावते, म्हणून नीट सपाट केलेला जुना मॅनिफोल्ड कोऱ्यापेक्षा कमी हलतो. पण चिरा स्थिरावत नाहीत. बोटांच्या बेचक्यात आरपार चीर असेल तर वेल्डिंगवर भरवसा न ठेवता दुसरा शोधावा. चीर नसेल आणि कॉलर अजून जाड असेल, तर मी जुनाच ठेवीन.

या सगळ्यात एक भाग हमखास विसरला जातो. टर्बोखाली त्याचे वजन उचलून धरणारा एक छोटा पोलादी कंस असतो. तो काढल्याशिवाय हात आत जात नाही आणि परत बसवताना त्याची दोन छिद्रे नेमकी जुळत नाहीत, म्हणून आधीच्या कुणीतरी तो बसवलेलाच नसतो. मॅनिफोल्ड मशीनवर पाठवण्याआधी गाडीखाली वाकून तो जागेवर आहे का ते पाहावे. नसेल तर आधी तो मिळवावा.